निऊबाईचे डोळे

"केरबा, डावा डोळा अजून अर्धा सूत आत घ्या," बाई खालून म्हणाल्या.

मी परांचीवर होतो, जमिनीपासून वीस फुटांवर, एका सिमेंटच्या बाईच्या नाकाला नाक लावून. हातात कोरणी आणि तोंडात न पेटवलेली विडी, कारण बाईंना धूर चालत नसे. आमच्या घरात चार पिढ्या गणपती होतात. मूर्ती कुणीही थापावी, रंग कुणीही द्यावा, पण डोळे कर्त्या माणसानेच उघडायचे, आणि एकदा उघडले की त्याच्याशिवाय कुणी त्यांना हात लावायचा नाही. हे मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. उगाच मागाहून कटकट नको. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग हिचे डोळे तुमचे."

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझे पुतणे अजून गणपती करतात आणि दुकानावर आडनावाची मोठी पाटी आहे.

बाई म्हणजे विभावरी गुप्ते, मुंबईच्या शिल्पकार. रोमला शिकून आलेल्या. आमच्या नगरपालिकेने त्यांना बागेतल्या स्मारकासाठी बोलावून घेतलं होतं. स्मारक अकरा मुलांचं. त्याच्या दोन वर्षं आधीच्या जानेवारीत शाळेची सहल धरणावर गेली, होडीत मावतील त्याच्या दुप्पट पोरं बसवली आणि होडी उलटली. त्या अकरांतला एक माझा उदय. नऊ वर्षांचा होता.

स्मारकाच्या कमिटीत कुणी म्हणे सरस्वती बसवा, कुणी म्हणे भारतमाता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, अकरांतली तीन मुलं मुसलमानांची आहेत, एक ख्रिस्ती आहे, त्यांच्या आयांनी तुमच्या सरस्वतीपुढे का येऊन उभं राहायचं? मग त्यांनी ग्रीक लोकांच्या पुराणातली एक बाई काढली. निओबी तिचं नाव. राणी होती, चौदा मुलांची आई. एकदा भर लोकांत बोलून गेली की त्या अमक्या देवीला दोनच मुलं, मला चौदा, मग पूजा तिची का आणि माझी का नाही? त्या देवीच्या दोन मुलांनी बाण मारून चौदाच्या चौदा मारली. सगळ्यांत धाकटीला तिने पदराखाली ओढून घेतलं होतं, तीही गेली. मग ती दगड झाली, आणि दगड झाल्यावरही तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. बाई कमिटीला म्हणाल्या, ही कुणाचीच देवी नाही, म्हणून सगळ्यांची आई होऊ शकते. नगराध्यक्षांना हे वाक्य भाषणासाठी आवडलं आणि काम मंजूर झालं. गावाने तिचं दोन दिवसांत निऊबाई करून टाकलं.

शाडूतला माझा हात बघून बाईंनी मला घेतलं. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचे थर, हे सगळं मला नवं होतं, पण शिकलो. चोवीस फुटांची बसलेली बाई, एक हात वर उचललेला, त्या हातातून डोक्यावर ताणून धरलेलं वस्त्र आणि गुडघ्याला बिलगलेली एक पोर. बाई त्या वस्त्राला झगा म्हणायच्या, मी पदर म्हणायचो. महिन्याभरात त्याही पदर म्हणायला लागल्या.

मेच्या अखेरीस त्यांनी त्यांच्या मनातलं खरं काम काढलं. मंजूर नकाशात पदराला मागच्या बाजूने उतार होता. बाईंनी तो परातीसारखा खोलगट करून घेतला, आणि परातीच्या तळातून पेन्सिलीएवढ्या जाड दोन तांब्याच्या नळ्या डोक्यातून खाली उतरवून डोळ्यांच्या कोपऱ्यांत काढल्या. पावसाचं पाणी पदरात साठणार आणि डोळ्यांतून पाझरणार. नकाशा बदलायचा तर पुन्हा कमिटी आणि पुन्हा सरस्वती, म्हणून त्यांनी कागदावर काही आणलं नाही. गवंडी गेल्यावर ते काम आम्ही दोघांनीच केलं. पंधरा ऑगस्टला मंत्री पडदा ओढतील तेव्हा लोकांना आपलं आपण दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. मला ते रुचलं नव्हतं. मूर्तीच्या डोळ्यांत पाणी दिसणं आमच्यात चांगलं समजत नाहीत. पण काम त्यांचं होतं. जूनच्या अखेरीस बाई मुंबईला गेल्या, अनावरणाच्या आधी चार दिवस येते म्हणून. राखण माझ्याकडे. भोवती पत्र्याचं कुंपण होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

आत येणारं माणूस माझ्याशिवाय एकच, दुपारी माझा डबा आणणारी मालन, माझी बायको.

उदय गेल्यापासून मालन रडली नव्हती. एकदाही नाही. त्याला पाण्यातून काढून काठावर ठेवलं तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं, आणि सगळं उरकल्यावर घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. डॉक्टर म्हणाले, हिला रडू द्या, रडली की सुटेल. बायकांनी तिच्या गळ्यात पडून पाहिलं, माझ्या आईने तर तिला दोन थोबाडीत दिल्या. काही उपयोग झाला नाही. आणि त्यात एक सल होता. सहलीच्या आधी संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणीतरी म्हणालं होतं, पोरांना धरणावर कशाला पाठवायचं. मालन सगळ्यांसमोर म्हणाली, माझा उदय मासा हाय, त्याला पाण्याची कसली भीती. शाळेच्या चिठ्ठीवर सही तिनेच केली होती. नंतर बायका आपसांत कुजबुजल्या आणि ते फिरून तिच्या कानावर आलं.

आषाढात पाऊस लागला आणि निऊबाईचे डोळे पाझरू लागले. मालन डबा हातात तसाच धरून उभी राहिली. वर बघत म्हणाली, "देवीला काय बोलली हुती ही?"

मी गोष्ट सांगितली. सांगताना थोडी गाळली. जे गाळलं ते तिने बरोबर ओळखलं.

"पोरांचा मोठेपणा केला असंल," ती म्हणाली. "माझ्यागत."

त्या दिवसापासून ती तिथून हलेना. आधी दुपारी यायची, मग सकाळीच यायला लागली. निऊबाईच्या पायाशी बसून पुटपुटायची. मी जवळ गेलो की थांबायची. घरात चूल थंड. डब्यात आधी भाजी असायची, मग नुसती भाकरी आणि चटणी, मग डबा यायचाच बंद झाला. तिची गालफडं आत गेली. पावसात भिजून अंगात कणकण असायची तरी यायची. मी कुंपणाला कुलूप लावलं तर पत्र्याला टेकून बाहेर चिखलात बसायची, आणि ते मला बघवत नसे, म्हणून पुन्हा उघडायचो. एक पोर गेलं होतं. आता हीपण जाणार आणि माझ्याच हातच्या कामापायी जाणार, हे मला दिसत होतं.

एकदा मी आत आलो तेव्हा ती पुतळ्याच्या गुडघ्याशी उभी होती. वरून डोळ्यांचं पाणी गुडघ्यावर टपटपत होतं. ती ते ओंजळीत धरत होती आणि बोटं भिजवून स्वतःच्या डोळ्यांना लावत होती. आधी एका, मग दुसऱ्या. देवाचं तीर्थ लावतात तसं.

"मालन, काय चाललंय हे?"

"माझं येत न्हाई," ती म्हणाली. "म्हणून हिचं घेतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत मी परांचीवर चढलो. गणपतीच्या अंगाला भोक पडलं तर आम्ही करतो तेच केलं. काथ्याचा बोळा नळीच्या तोंडात घट्ट ठोकला, वरून भेगा बुजवायची सिमेंटची लांबी भरली, पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत केलं. दोन्ही डोळ्यांना मिळून पाव तास लागला. डोळे माझे होते. मीच उघडले होते, मीच बंद केले. बाई यायच्या आदल्या दिवशी तारेने खरवडून मोकळे करायचे, बाईंना कळणारही नाही, असा माझा हिशोब.

पदराचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आज लोकांना हे खोटं वाटेल, पण चार पिढ्यांत आमच्या घरातल्या कुणी मूर्ती पावसात ठेवलेली नव्हती. आमची मूर्ती छपराखाली घडते, मांडवात बसते आणि फार तर अकरा दिवसांनी पाण्यात जाते. पाणी म्हणजे तिचा शेवट, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी महिनाभर डोक्यावर घेऊन मूर्तीला उभं राहावं लागतं, हा विचार करायची वेळच आमच्यावर कधी आली नव्हती.

मालन आली आणि बराच वेळ वर बघत राहिली.

"आज रडली न्हाई."

मी म्हणालो, पाऊस कमी पडला. ती म्हणाली, रातभर धो धो पडलाय की. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे वळली. चेहरा निवळलेला होता. "रडून झालं असंल तिचं," ती म्हणाली, आणि घरी गेली. दुपारी डबा आला. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. त्या आठवड्यात तिने केस धुतले, शेजारणीकडे जाऊन बसली, एकदा माझ्या बोलण्यावर किंचित हसलीसुद्धा. आमच्या कारखान्यात गणपतींची घाई सुरू झाली होती, तिथे येऊन तिने साचे पुसून दिले. मी त्या आठवड्यात सुखी होतो. सांगायला लाज वाटते, पण होतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाने तीन दिवस खळ घेतला नाही. समारंभ जवळ आला म्हणून बागेतलं गवत काढायला पालिकेने बायका लावल्या होत्या आणि त्यांच्यासाठी मुकादमाने कुंपणाची किल्ली माझ्याकडून नेली होती. त्यांतली हौसाबाई, चार मुलांची आई, दुपारी सर वाढली म्हणून निऊबाईच्या पदराखाली आडोशाला बसली. बाकीच्या शेडमध्ये गेल्या. तिला म्हणे भाकरी शांतपणे खायची होती.

मी कारखान्यात सोंड बसवत होतो. बागेचा शिपाई पळत आला. मी पोचलो तेव्हा पदर मनगटापासून तुटून, डोकं सोबत घेऊन खाली आला होता. तुकड्यांखालून लोकांनी हौसाबाईला काढलं होतं आणि तिच्या अंगावर पोतं घातलं होतं. पोत्याबाहेर तिचा एक हात होता आणि बोटांत भाकरीचा तुकडा. परातीतलं सगळं पाणी गवतात पसरलं होतं, पायांखाली चपचप वाजत होतं. मला तिथेच सगळं कळलं.

निऊबाईचा चेहरा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर आकाशाकडे बघत पडला होता. फुटला होता, पण डोळे शाबूत होते आणि डोळ्यांत माझी लांबी जशीच्या तशी.

पोलिसांनी पंचनामा केला. पदराचे तुकडे मोजले, तुटलेल्या लोखंडाची जाडी लिहून घेतली. चेहऱ्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत बायकांची कुरबुर सुरू झाली की जीव घेतलेला खंडित चेहरा गावात ठेवू नका, नदीला द्या. पालिकेच्या लोकांनाही ते नजरेसमोर नकोच होतं. मी मूर्तिकार, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, न्यायलाच पाहिजे, खंडित मूर्ती ठेवत नाहीत. यात खोटं काही नव्हतं. चेहरा ट्रॅक्टरवर चढवताना मी हात लावला, पुलापर्यंत सोबत गेलो, आणि नारळही मीच फोडला. नदीला पूर होता. पाण्याने तो क्षणात घेतला.

तिसऱ्या दिवशी बागेच्या कचेरीत चौकशी झाली. वरच्या कार्यालयातून नाडगौडा नावाचे इंजिनिअर आले होते. सभ्य माणूस, कुणावर आवाज चढवला नाही. त्यांच्यापुढे नकाशा, एका बाजूला बाई, एका बाजूला मी. बाई रात्रभराचा प्रवास करून आल्या होत्या आणि आधी हौसाबाईच्या घरी जाऊन आल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

साहेबांनी विचारलं, नकाशात पदराला मागे उतार आहे, प्रत्यक्षात खोलगट केला, तो कुणी? बाई म्हणाल्या, मी. मग पाणी जायला वाट कुठे ठेवली होती?

"डोळ्यांतून," बाई म्हणाल्या. "दोन नळ्या होत्या. पदरात वीतभरसुद्धा पाणी कधी साठलं नसतं."

नकाशात नळ्या नव्हत्या. पदराचा असा चुरा झाला होता की भोक कुठलं आणि तडा कुठला ते सांगता येत नव्हतं. आणि नळ्यांसकट चेहरा नदीत. साहेब माझ्याकडे वळले. मी त्या आधीच्या दोन रात्री जागून ठरवून ठेवलं होतं. मी तुरुंगात गेलो तर मालनचं काय, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

"नळ्यांचं मला माहीत नाही, साहेब. मी फक्त डोळे आखले."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. चिडल्या नाहीत. त्या काहीतरी जुळवत होत्या, आणि ते जुळताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"केरबा," त्या म्हणाल्या, "ते डोळे तुमचे होते ना?"

मी टेबलाच्या पायाकडे बघत राहिलो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"रडत हुती ती."

मालन दारात उभी होती. दुपारचा डबा घेऊन आली होती. पदर डोक्यावर, पाय चिखलाचे. पुरुषांच्या कचेरीत ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि तिचा आवाज कापत नव्हता.

"मी रोज बघत हुते साहेब. दोन्ही डोळ्यांतनं पाणी यायचं. गुडघ्यावर पडायचं. मी हातात घेतलंय ते. आणि मग एक दिवस थांबलं. ह्यास्नी विचारा, ह्यास्नी ठावं हाय."

नाडगौडा साहेबांनी चष्मा काढला. ही दारातली बाई कोण, म्हणून त्यांनी मला विचारलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मालनही बघत होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. नवरा आपलंच बोलणं पुढे नेईल, एवढाच विश्वास तिच्या तोंडावर होता.

"माझी बायको, साहेब," मी म्हणालो. "मुलगा गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. दगडाशी बोलत बसते."

साहेबांनी "अरेरे" म्हणून मान हलवली, कागदावर काहीच न लिहिता चष्मा पुन्हा घातला. बाई मालनकडे बघत होत्या. नंतर त्यांनी हात मांडीवर घेतले आणि त्या दिवशी पुढे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. विचारलं त्याला मान हलवत गेल्या, सही मागितली तिथे सही केली.

मालनने डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "जेवून घ्या," म्हणाली आणि गेली.

मी घरी आलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून रडत होती. दोन वर्षांत जे आलं नव्हतं ते सगळं येत होतं, अंग गदगदा हलत होतं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. शेजारणी गोळा झाल्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, बरं झालं, सुटली बिचारी. मी जवळ गेलो. तिने मान वर न करता हात पुढे केला, तिथेच थांबा म्हणून. मी थांबलो.

बाईंवर खटला झाला. तो सहा वर्षं चालला, त्यांना शिक्षा झाली नाही, पण कुठल्या गावाने त्यांना पुन्हा काम दिल्याचं मी ऐकलं नाही. हौसाबाईच्या थोरल्या मुलीला पालिकेने आईच्या जागी गवत काढायला लावलं. निऊबाईचं उरलेलं धड फोडून काढलं. आता तिथे रंगीत दिव्यांचं कारंजं आहे. आम्ही ते गाव सोडलं.

मालन माझ्याबरोबर त्यानंतर चाळीस वर्षं राहिली. भांडली नाही, माहेरी गेली नाही, माझं जेवणखाण चुकवलं नाही. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त एक गोष्ट तिने कधी सोडली नाही. दारात पाहुणा येऊन म्हणाला, वहिनी, पाऊस लागलाय का हो तुमच्याकडे, तर भिजलेल्या अंगणाकडे बघत ती म्हणायची, "ह्यास्नी विचारा." भाजीवाली म्हणाली, मावशी, गवार ताजी आहे ना बघा, तर शेंग हातात घेऊन म्हणायची, "ह्यास्नी विचारा." लोकांना वाटायचं, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला फार मानते. मीही हसायचो आणि उत्तर द्यायचो. पाऊस लागलाय. शेंग ताजी आहे.

गेल्या मार्गशीर्षात ती दवाखान्यात होती. पोटाचं दुखणं, शेवटचं. डॉक्टर तरुण मुलगी होती, प्रेमळ. तिने मालनच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, आजी, दुखतंय का फार?

मालनने डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं.

"ह्यास्नी विचारा," ती म्हणाली.

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "हो. फार दुखतंय तिला."

तिच्या बाजूने दिलेली माझी तेवढी एकच साक्ष.